वळणावरची तीन मिनिटं

३ फेब्रुवारी, सोमवार

आज आईने जेवणाच्या टेबलाचा ताबा परत मागितला. सरळ युद्धच! म्हणाली, "पाच महिने आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतोय. तुझी ट्राम जेवते का टेबलावर बसून?" मी म्हटलं, नऊ नंबरचे अकरा स्टॉप आहेत, आठ झालेत, तीनच राहिलेत. "मग ते तीन आमच्या उरावर बसव," असं म्हणून ती शिलाई मशीनकडे गेली. म्हणजे मुदत मिळाली. आई एकदा ओरडून गेली की पंधरा दिवस निश्चिंती असते.

तीन स्टॉप आणि मार्केटचं वळण. वळण इतके दिवस मुद्दाम टाळलंय, कारण ते महाकठीण आहे. माझ्या मॉडेलमध्ये सगळं सत्त्याऐंशी पटीने लहान — खरी ट्राम चौदा मीटर, माझी सोळा सेंटिमीटर. आईचा काळा दोरा म्हणजे वरची वीजवाहिनी. (तिला अजून माहीत नाही.)

धाकटा येऊन अर्धा तास बघत बसला. मग म्हणाला, "ताई, ही जाते कुठे?" डेपोत. "मग?" परत येते. "मग गेली कशाला?"

हा मुलगा पुढे नक्की सरकारी अधिकारी होणार.

५ फेब्रुवारी, बुधवार

शाळा सुटल्यावर नेहमीप्रमाणे वळणावर. साडेचार ते सहा, अकरा ट्रामा. ऑक्टोबरपासून एकही दिवस चुकवला नाही, तापातले दोन सोडून.

लोकांना वाटतं, ट्राम आली की घड्याळ दाबायचं. अहो, 'आली' म्हणजे काय आली? नाक आलं की दार आलं? आम्ही तसलं ढोबळ काम करत नाही. फूटपाथच्या काठावर, जिथे रुळाचा सांधा आहे तिथे उभं राहायचं, ट्राम जवळ आली की वाकायचं, आणि पुढचं चाक सांध्यावर टेकलं की दाबायचं. ही शिस्त रिव्हेटकाकांची. आमच्या मॉडेल क्लबचे ते अध्यक्ष, निवृत्त दंतवैद्य. एका डब्याच्या चाकांच्या सांगाड्यावरचे रिव्हेट, म्हणजे ठोकलेले खिळे, मोजायला त्यांनी एक महिना घेतला होता, म्हणून हे नाव. क्लबात सात जण. सहा टकले आणि मी.

ड्रायव्हर आता मला ओळखतात! प्रत्येक जण वळणावर घंटी बडवतो. एक ड्रायव्हर मावशी आहेत, त्या तर हातही हलवतात, जोरजोरात. मीही हलवते. काय रुबाब!

प्रत्येक ट्रामची वळणावर तीन मिनिटं जातात. आधी रांगते, मग पुढचा सिग्नल हुकतो. मॉडेलमध्येही मी तीन मिनिटं थांबवणार. धाकट्याने विचारलं, का थांबवायची? म्हटलं, खरी थांबते म्हणून. "खरी का थांबते?" ते आपलं काम नाही. आपलं काम नोंदी.

९ फेब्रुवारी, रविवार

क्लबची मंडळी घरी. वळण पुरं झालं! रिव्हेटकाकांनी दात तपासायचा छोटा आरसा काढला आणि माझं मार्केट तपासलं. "कचरापेटीचा पोचा?" आहे. "चांभाराच्या दुकानाची तिरकी पाटी?" आहे. दिव्याच्या खांबावर फाटलेली जाहिरात? तीही आहे! काकांनी आरसा पुसला आणि म्हणाले, "काहीही सुटलेलं नाही."

त्यांच्या तोंडून हे म्हणजे पदकच. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "माझा दोरा मात्र सुटलाय." कळलं वाटतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

नऊ नंबर बंद करणार.

स्टॉपवर नोटीस चिकटवलीय. "मार्ग क्रमांक ९ बंद करून त्या जागी बस सुरू करण्याचे विचाराधीन आहे." हरकती दहा दिवसांत द्या. तीनदा वाचली. मागचा माणूस म्हणाला, "अहो, वाचून झालं असेल तर सरका."

घरी आले तर बाबांना आधीच माहीत! बाबा बस चालवतात. ट्राम म्हणजे त्यांच्या मते रुळाला बांधलेली म्हैस — पुढे गाडी बंद पडली की बाजूने जाता येत नाही, नुसती हंबरते. मी कधी मनावर घेतलं नाही. पण आज ताटाकडे बघत म्हणाले, "नवीन रूट मला देणार आहेत. दिवसपाळी."

अकरा वर्षं ते पहाटपाळीला आहेत. साडेतीनला उठतात. दुपारी दोनला येऊन आधी जमिनीवर उताणे पडतात, कारण कंबर धरलेली असते. हे सगळं मला माहीत आहे. तरी मी म्हटलं, "म्हणजे माझी ट्राम मारून तुम्ही झोपा काढणार!"

आता लाज वाटतेय, पण जाऊन सांगायला जीभ रेटत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बाबांशी अबोला. ते माझ्या आधी घराबाहेर पडले आणि मी आले तेव्हा झोपलेले होते, त्यामुळे त्यांना तो कळला की नाही शंका आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

वाहतूक कार्यालयात नोंदींची वही दिली! रिव्हेटकाका म्हणाले होते, "अर्जात रडगाणं गाऊ नकोस. नोंदी दे. नोंदींपुढे कुणाचं काही चालत नाही." अकराशेच्या वर नोंदी, सेकंदासकट. शेवटचा रकाना प्रवाशांचा — एकाही ट्रामीत बावीसपेक्षा कमी माणसं नाहीत. भरलेली ट्राम कोण बंद करतं? बघूच!

खिडकीवरच्या कारकुनाने वही उलटसुलट केली. "हे काय, प्रेमपत्र?" मी म्हटलं, वेळापत्रक आहे. मग त्याने चष्मा लावून दोन पानं वाचली आणि साहेबांना हाक मारली. साहेब म्हणाले, "आमचं नोंदीचं यंत्र दोन वर्षं बंद आहे. हे फारच उपयोगी!"

उड्या मारत घरी आले. वाटेत कुणाच्या तरी पायावर उडी पडली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

अकरावा स्टॉप बसला. मॉडेल पूर्ण. आईने टेबलाचा विषय काढला नाही. घरात सगळे माझ्याशी एवढे गोड का वागतायत? भीती वाटते.

१ मार्च, शनिवार

कार्यालयाचं पत्र. माझ्या नावाने! धाकट्याने माझ्या हातातून हिसकावलं आणि स्टुलावर चढून वाचलं.

"आपल्या काटेकोर नोंदींबद्दल आभार. त्यावरून मार्केट वळणावर प्रत्येक फेरीस सरासरी तीन मिनिटे चार सेकंद विलंब होतो हे निर्विवाद सिद्ध झाले. मार्ग ९ बंद करण्याच्या प्रस्तावास हाच मुख्य आधार धरण्यात आला आहे. सुनावणी ६ मार्च."

प्रवाशांच्या रकान्याचं नावही नाही. जणू तो मी रांगोळी म्हणून काढला होता.

आई म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण." मग तिने मला जवळ घेतलं, ते जास्त वाईट झालं.

रिव्हेटकाकांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पण नोंदी अचूक आहेत ना?" हो. "मग झालं तर!" काय झालं? काय डोंबल झालं? मी फोन आपटला. आयुष्यात पहिल्यांदा एका अध्यक्षावर.

मी नऊ नंबर मारली. बाबांनी नाही, साहेबांनी नाही. मी, स्वतःच्या हस्ताक्षरात, समास सोडून.

३ मार्च, सोमवार

बाबा जमिनीवर उताणे पडलेले. छताकडे बघत विचारलं, "तीन मिनिटं कशाने जातात गं?"

माहीत नाही.

"पाच महिने तिथे उभी होतीस ना?"

म्हटलं, आम्ही नोंदी करतो. कारणं नाही.

बाबा हसले. कंबर दुखली म्हणून थांबले. "आमच्याकडे बस तीन मिनिटं उशिरा आली तर आधी विचारतात, का? मग शिव्या घालतात. तुमच्या क्लबात नुसत्याच नोंदी दिसतात." मग म्हणाले, "उद्या बसू आपण नऊमध्ये. बघू काय अडतंय."

मी म्हटलं, "पण तुमचा रूट? दिवसपाळी?"

"रूट हवाच आहे मला. पण रस्त्यातच काही खोट असेल तर उद्या माझी बसही तिथेच रांगेल. आणि ट्रामीला निदान तू तरी आहेस. बसच्या बाजूने कोण भांडणार?"

मग मी त्या दिवशीचं बोलले त्याची माफी मागितली. म्हणाले, "कधीचं?" त्यांना आठवत होतं. स्पष्ट दिसत होतं.

४ मार्च, मंगळवार

साडेचारपासून चार फेऱ्या. मी स्टॉपवॉच घेऊन, बाबा मनगटी घड्याळ घेऊन.

उशीर शून्य! चारही वेळा ट्राम वळणावरून लोण्यातून सुरी जावी तशी गेली, चारही वेळा सिग्नल हिरवा. कुठे अडली नाही, रांगली नाही. मला तर घामच फुटला. म्हणजे अकराशे नोंदी खोट्या? बाबा म्हणाले, "घड्याळ चुकत नाहीये. काहीतरी बदललंय." मी खिडकीतून सगळं बघितलं. पेटी तीच, पोचा तोच, चांभार तोच. काहीच बदललेलं नाही!

उद्या ड्रायव्हर मावशींची पाळी आहे. बाबा म्हणतात, चालवणाऱ्याला विचारावं. ही कल्पना आमच्या क्लबात आजवर कुणाला सुचलेली नाही.

५ मार्च, बुधवार

शेवटच्या स्टॉपवर, डेपोत, मावशी चहाला उतरल्या. बाबा गणवेशात होते, त्यामुळे बोलणं लगेच जमलं. कुठला डेपो, किती वर्षं, कंबर कशी आहे. मी बाजूला उभी. मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि ओळखलंच नाही. एवढे हात हलवलेले, आणि ओळखलं नाही!

बाबांनी विचारलं, "मार्केटच्या वळणावर तुमची तीन मिनिटं कशाने जातात?"

"ती बया!" मावशी म्हणाल्या. "आज दोन दिवस दिसली नाही, सुटलो. अहो, एक पोरगी आहे. फूटपाथच्या अगदी कडेला उभी असते. आणि ट्राम आली की वाकते! वळताना ट्रामचं नाक फूटपाथवर येतं, तुम्हाला माहितीय. तिचं डोकं बरोबर तिथे. घंटी वाजवून वाजवून हात दुखले. मागे हो म्हणून हात केला तर ती आपली टाटा करते!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"आधी वाटलं, जीव द्यायला येते की काय. एक नवा ड्रायव्हर तर डेपोत येऊन रडला. मग आम्ही सगळ्यांनी ठरवलं, ती दिसली की रांगायचं, ती सरळ उभी राहीपर्यंत. सिग्नल जातो तर जाऊ दे. कुणाचं तरी लेकरू आहे."

तोंड पाहून कसं ओळखणार? पाच महिने त्यांना माझी फक्त टाळू दिसली.

मी नसते तेव्हा उशीर नसतो. आणि मी नसते तेव्हा नोंदही नसते. अकराशेच्या अकराशे नोंदी अचूक, आणि प्रत्येकीत मीच आडवी! काकांचा आरसा, पेटीचा पोचा, फाटकी जाहिरात, सगळं केलं आणि त्या काठावर उभं राहणारं माणूस तेवढं करायचं राहिलं.

बाबांनी मावशींचा चहाचा कप हातात घेतला, खाली ठेवला, आणि म्हणाले, "आमचंच लेकरू आहे."

मावशींनी मला आपादमस्तक पाहिलं. मग एक सणसणीत शिवी घातली आणि जवळ ओढून घेतलं. मी रडले. भर डेपोत, वर्दीतल्या नऊ-दहा माणसांसमोर.

येताना बाबा एवढंच म्हणाले, "उद्या सुनावणीत हे सांगावं लागेल." मी म्हटलं, सांगितलं तर बस येणार नाही. "ते मला कळतं," म्हणाले. पुढचे तीन स्टॉप खिडकीबाहेर बघत होते.

६ मार्च, गुरुवार

सुनावणी. दहा मिनिटांत आटोपली. साहेबांनी माझी वही उंच धरून विचारलं, "या विलंबाचं कारण कुणाला सांगता येईल?" मी हात वर करून उभी राहिले. सगळं सांगितलं. लोक एवढे हसले की साहेबांना टेबल वाजवावं लागलं. धाकटा सर्वांत मोठ्याने. मग साहेबांनी विचारलं, याला पुरावा काय? तेव्हा माझ्या शेजारी बाबा उठले. त्यांनी परवाच्या चार फेऱ्यांच्या वेळा खिशातल्या कागदावरून वाचून दाखवल्या, सेकंदासकट.

७ मार्च, शुक्रवार

नऊ नंबर चालू राहणार.

साडेतीनला बाबांचा गजर वाजला. मी त्यांच्या आधी उठून चहा ठेवला होता. ते कमरेचा पट्टा आवळत स्वयंपाकघराच्या दारात आले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "झोप जा. तुझी ट्राम सहाला सुटते."