धुराची गाळणी

४ फेब्रुवारी, बुधवार

आज बायकोनं, अंबिकेनं, सगळ्या शिफ्टसमोर मला सांगितलं — भट्टी कमी करा!

मला! काचेच्या भट्टीचा शिफ्ट-इन्चार्ज मी. ही भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षं विझत नाही. तिच्यातनं निघणाऱ्या बाटल्या माझ्याकडं, आणि धूर अंबिकेकडं — प्रदूषणाचा विभाग तिचा. भट्टीवर ती मला 'सर' म्हणते. आज ते 'सर'सुद्धा असं म्हणाली, की पोरं हसू दाबत होती.

तिचं म्हणणं, फिल्टरच्या पिशव्या फाटल्यात. चिमणीच्या आधी पत्र्याचं एक मोठं घर आहे, त्याच्या प्रत्येक खणात उंच उंच कापडी पिशव्या टांगलेल्या. धूर त्यांतून गाळून चिमणीत जातो. तिथला दाबाचा काटा सकाळी एकदम खाली आला. मी म्हणालो, दाब कमी झाला म्हणजे बरंच की!

"गाळणी फाटली की चहा भरभर पडतो, सर. म्हणून काय चांगला झाला?"

भट्टी मात्र कमी केली नाही.

५ फेब्रुवारी

मीटिंग. चिमणीवर धुळीचं मीटर आहे, त्याचा आकडा थेट प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संगणकावर जातो. आकडा ठीक! बद्रीनाथ साहेब — आमचे प्लांट हेड — तेच दाखवत होते. "मीटर म्हणतंय सगळं आलबेल, आणि मॅडम काट्यावरून भविष्य सांगतायत." सगळे हसले. मीपण, थोडा.

अंबिका हसली नाही. "साहेब, हा आकडा परवापासून हललाच नाही. जित्या माणसाची नाडी वरखाली होते." मीटर अडकलंय म्हणते.

साहेबांनी फाईल मिटली. मग — "औषधाच्या बाटल्यांची ऑर्डर जाऊ द्या. मग बघू."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ती एकटीच सरळ बसलेली. एवढ्या लोकांत असं एकटं बसायला मला नसतं जमलं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं, चहा मागवला — म्हणजे काम अवघड. "खंडेराव, तुम्ही घरचे. जरा समजवा त्यांना."

साहेब वाईट माणूस नाही. आईला घाटी दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा रोज येऊन जायचे. नाही म्हणवलं नाही मला.

घरी आलो. अंबिका मेथी निवडत बसलेली. सगळं बोललो — ऑर्डर, साहेब, दोघांची नोकरी एकाच ठिकाणी, उद्या काही झालं तर गारखेड्यातलं हे घर कशावर चालायचं. सगळं ऐकून घेतलं तिनं. मधी एकदाही तोडलं नाही. मग एवढंच —

"फाटलंय का नाय, तेवढं सांगा."

"मला काय माहीत?"

"मग उद्या बघायला चला."

आतून आईचा आवाज — "जा की रं! भेतो कशाला?" आईचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं. तिचं तुणतुणं वेगळंच, पण सुनेच्याच बाजूचं! "तुमच्या त्या भिंतीमागं आपलीच मान्सं मेंढरं चारत्यात. धूळ कुनाच्या नाकात चालली, कळतं का काही? तुही बायको शानी हाय. तूच लई येडा."

घरात मी एकटा पडलो.

७ फेब्रुवारी

गेलो.

एक खण बंद करून, थंड करून घेतला होता तिनं. दारांना कुलपं, आतल्या हवेची तपासणी, माझ्या सुरक्षा-पट्ट्याचा हूक स्वतः ओढून बघितला. सगळं शांतपणे. मग मास्क लावून आधी ती आत. मागं मी, बॅटरी घेऊन.

फाटलं होतं. एक पिशवी खालपर्यंत उसवलेली, दुसरी तर गळून पडलेली. बाकीच्यांना जागोजागी भोकं. तिनं एका फाटक्या जागेतनं हात घातला आणि पलीकडनं बोटं हलवून दाखवली मला.

बाहेर आल्यावर मास्क काढला. पापण्या पांढऱ्या, भुवया पांढऱ्या, केसांत पीठ सांडल्यासारखं. लग्नात हळदीनं माखलेली बघितली होती मी हिला. आज त्याहून सुंदर दिसत होती. लिहायला लाज वाटते, पण दिसत होती!

"मी सांगितलं होतं" असं म्हणाली नाही. म्हणायचा हक्क होता. फक्त पाणी मागितलं.

फाटका खण बंद ठेवायचा तर बाकीच्या खणांना एवढा धूर झेपत नाही. भट्टी कमी करणं हाच मार्ग. कंट्रोल रूममध्ये गेलो, भट्टी कमी केली, बाटल्यांची एक लाईन बंद केली, सही केली.

साहेबांचा फोन आलाच. "कुणाला विचारून?"

"आत जाऊन बघितलं साहेब."

फोन ठेवला त्यांनी.

९ फेब्रुवारी

तिनं स्वतःहून मंडळाला कळवलं! पिशव्या फाटल्या, मीटर अडकलं, अमुक दिवसापासून. सगळं, तिच्या नावानं.

"कुणी विचारलं नसताना?" मी म्हणालो.

"विचारल्यावर सांगायचं, तर ते सांगणं कसलं? ते सापडणं झालं."

मला झोप येईना. ती मात्र गाढ.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. आई रताळी उकडून वाट बघतेय. अंबिका नव्या पिशव्या बसवून घ्यायला फिल्टरवर!

१८ फेब्रुवारी

मंडळाची माणसं आली. चिमणीवर चढून हातानं नमुना घेतला. अंबिका त्यांच्याबरोबर वर. खालून बघत होतो — वाऱ्यात ओढणी नीट खोचलेली, हातवारे करून काहीतरी समजावत होती. वरच्या माणसांपेक्षा माझीच छाती जास्त धडधडत होती.

धूळ मर्यादेच्या आत. मीटरही दुरुस्त, आकडा वरखाली होतोय. काटा होता तिथं आला.

त्यांचा अधिकारी जाताना म्हणाला, "नोटीस द्यावीच लागेल, मॅडम. पण असं स्वतःहून सांगणारं कुणी भेटत नाही."

"द्या की साहेब. उत्तर तयार आहे."

बद्रीनाथ साहेब मागं उभे होते. माझ्याकडं बघितलं नाही त्यांनी. ऑर्डर हुकलीय.

घरी आईनं पुरण घातलं. सण नाही, काही नाही. विचारलं तर म्हणाली, "सुनेसाठी."

२४ फेब्रुवारी, मंगळवार

निलंबन. माझं.

न विचारता भट्टी कमी केली म्हणून. अंबिकेला हात लावता येत नाही — मंडळाच्या कागदावर तिचं नाव आहे. भट्टी कमी केल्याच्या कागदावर माझं.

सकाळी तिचा डबा मी भरला. दारातच थांबली. "मीपण सोडते," म्हणाली. डोळे भरलेले. एवढ्या सगळ्यात पहिल्यांदा.

"तू जा," मी म्हणालो. "आपल्यातलं एक तरी तिथं पायजे."

गेली. कंपनीच्या बसमध्ये चढताना मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं, तर मीच जाऊ दिलं नसतं.