वृषालीच्या वयाचा दाखला

२० एप्रिल २००३, रविवार

चिमाजी भावजी जेवायला आले ते काम घेऊनच. त्यांच्या वृषालीचं लग्न ठरलंय — ११ मे, नारायणगावच्या सामुदायिक विवाहात. तिथली समिती वयाचा दाखला मागते. "वयनी, शाळा तुमच्याच हातात हाय. तीन वर्सं वाढवून द्या, बास." पोरगी पंधराची. नुकती नववी झाली.

मी म्हटलं, बघते. 'नाही' म्हणायला तोंडच उघडलं नाही.

२२ एप्रिल

दिला. १९८८च्या जागी १९८५. खाली माझी सही, मुख्याध्यापिकेचा शिक्का. हे म्हणाले, "घरातलं काम, त्यात काय एवढं?" माझी स्वतःची जन्मतारीख मास्तरांनी एक जून लावलेली, वर्गात निम्म्यांची तीच. मग खरंच काय एवढं — दिवसभर स्वतःला हेच सांगतेय.

२९ एप्रिल

वृषाली घरी आली. आमच्या समर्थची दहावीची जुनी पुस्तकं मागायला! म्हटलं, अगं, लग्न ना तुझं? तर हसली. "मोठी आई, दाखल्याबिगर नाव घेत न्हाईत म्हणं. आन् दाखला तर तुझ्या हातात. मंग लगीन कसं व्हईल?"

मी दिलाय, हे सांगवलं नाही. बीजगणित, भूमिती काढून दिली.

३० एप्रिल

शाळेत हजेरी घेताना दोनदा चुकले.

६ मे

सकाळची जीप धरून नारायणगावला गेले. समितीच्या चिटणिसांपुढे शाळेचं रजिस्टर उघडून ठेवलं. म्हटलं, दाखला खोटा आहे, मीच दिलाय. म्हातारे गृहस्थ. त्यांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, "बाई, तोंडी सांगितलंत तेवढं पुरे. नाव काढतो. लिहून दिलंत तर नोकरी जाईल." मी कागद मागितला. लिहून दिलं. दुसरी प्रत जुन्नरला, शिक्षण खात्यात.

घरी येईतो बातमी पोचलेली. भावजी दारातच. "आमचं तोंड काळं केलं तुमी." हे ताट उचलून पडवीत गेले. सासूबाई तेवढं म्हणाल्या, "वीस वर्सं किती गुणाची व्हतीस गं."

हो. होते.

९ जून

निलंबनाचा कागद आला.

१६ जून

वृषाली आज दहावीच्या वर्गात बसली. चौकशीचे साहेब दुपारी आले. भला माणूस. "बाई, असा हा एकच दाखला ना?" त्यांना 'हो' हवं होतं. मी म्हटलं, नाही. याआधीचे चार आहेत. मुलींची नावं सांगते, लिहून घ्या.