रविवार ते रविवार

बाबा, तुमची वही आज पुन्हा काढली. कारखान्यात रिअॅक्टरचं तापमान लिहायला आखायचात तसेच रकाने, तीच निळी शाई.

बोईसरच्या त्या रसायनांच्या कारखान्यात तुम्ही खाली ऑपरेटर आणि मी, तुमचीच मुलगी, वर ऑफिसात गणितं करणारी. काय तोरा होता मला! रिअॅक्टर कसा तापतो, कसा निवतो याचं समीकरण मी संगणकावर सोडवलं होतं. संगणक तेव्हा नवा, वेळ मोजून मिळायचा, म्हणून मधली मिनिटं सोडून तासातासाची उडी धरली. साध्या पद्धतीत एवढी मोठी उडी घेतली की आकडे भडकतात, वाटेल तसे वर-खाली जातात. माझी पद्धत इम्प्लिसिट, म्हणजे पुढच्या तासाचा आकडा त्याच तासाच्या उताराशी, म्हणजे तापमान बदलण्याच्या वेगाशी, जुळवून काढायचा. ती कितीही लांब उडीला भडकत नाही. आलेख कसा सरळ, गुळगुळीत उतरला! डबा खाताना मी तो तुमच्यापुढे धरते. कालवणाने माखलेला हात लांब ठेवून तुम्ही बघता. "बाय, पयल्या वीस मिंटात काटा वर जातो. तो हितं कुठं हाय?" मी फणकारते, "बाबा, ही पद्धत कधी भडकत नाही." "भडकत नाय म्हंजे खरी हाय, असं थोडंच हाय? लय लांब टांगा टाकू नको. मधलं कोण बघनार?" दोन दिवस मी तुमच्याशी धड बोलले नाही. मग गुपचूप दोन-दोन मिनिटांची उडी धरून गणित पुन्हा केलं, तर आलेखावर विसाव्या मिनिटाला हे टेंगूळ! तुम्हाला सांगितलं, तर "जेवलीस का?" एवढंच विचारलंत.

पुढे मी ठाण्याला नोकरीला गेले. तुम्ही निवृत्त होऊन केळव्याजवळच्या माहीमला, एकटेच. आई आधीच गेलेली. तुम्हाला ताप येतोय असा शेजारच्या काकूंचा निरोप आला, तेव्हापासून मी दर रविवारी येऊ लागले. दर रविवारी तुम्ही दाढी करून ओटीवर बसलेले, कपाळ गार. "मी बरा हाय, बाय." असे चार रविवार. डॉक्टरांना मीच सांगितलं, ताप उतरलाय, मुंबईला न्यायची घाई नको. त्यानंतरच्या बुधवारी तुम्ही गेलात.

वही उशाखाली सापडली. दर चार तासांचा ताप लिहिलेला. सोमवारी चढलेला, बुधवारी त्याहून जास्त, शुक्रवारी तर अक्षरही थरथरलेलं. आणि दर रविवारी सकाळी एकच ओळ, 'गोळी घेतली. बाय येनार.' अहो, कुणी सांगितलं होतं हे शहाणपण? मला शिकवलंत आणि मधलं माझ्यापासूनच लपवलंत! फार राग येतो तुमचा. रडूही येतं, अजून.

हा कागद वहीतच ठेवणार आहे, म्हणून लिहिते. शेवटच्या रविवारी तुमची उशी नीट करताना वही माझ्या हाताला लागली होती. ही तापाची असणार, हेही मी ओळखलं होतं. उघडली नाही. कपाळ गार होतं, आणि मला चारची गाडी गाठायची होती.