अर्ध्यावर थांबलेल्या पेशी

प्रिय हालवोर,

‘प्रिय’ सवयीने लिहिलं गेलं, मनावर घेऊ नकोस. घटस्फोटानंतर अकरा वर्षांत तुला एक ओळही लिहिली नव्हती. मी आता बर्गनच्या शाळेत जीवशास्त्र शिकवते. सोमवारी वर्गात सांगत होते, की मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या बीजपेशींचं विभाजन सुरू होतं आणि अर्ध्यावर थांबतं. वयात आल्यावर महिन्याला एखादी पुढे सरकते. मुलग्यांचं काम वयात आल्यावरच सुरू होतं, पण मग रोज चालतं. एक शुक्रपेशी तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. सांगता सांगता तुझा आवाज कानात आला आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

त्या नाताळात तुझ्या आईने मेंढीच्या फासळ्या वाढताना विचारलं होतं, “काय गं तूरिड, अजून काहीच नाही?” मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, “अगं आई, हिची अंडी हिच्या जन्माआधीची. शिळा माल. माझा बघ, अडीच महिन्यांत ताजा.” सगळे हसले. तुझा धाकटा भाऊ एव्हिन तेवढा खाली बघून जेवत राहिला. हे ज्ञानही तू माझ्याच पुस्तकातून उचललेलं.

तेव्हा तुझ्या तपासणीला दोन वर्षं होऊन गेली होती. मला तू एवढंच सांगितलं होतंस, की सगळं ठीक आहे. मी चार वर्षं गोळ्या खाल्ल्या, दोनदा पोट फाडून घेतलं. मग घटस्फोट ठरून घर विकायला काढलं तेव्हा नावेच्या शेडमध्ये तुझ्या तपासणीचा कागद सापडला. तुझ्या पेशी विभाजनाला लागतात, पण शेहेचाळीस गुणसूत्रांची तेवीस होण्याआधीच थांबतात आणि मरतात. एकही शुक्रपेशी नाही. यात लाजण्यासारखं काय होतं? सांगितलं असतंस तर मी तुला जवळ घेतलं असतं. तू कागद हिसकावलास आणि म्हणालास, “आईला कळता कामा नये. तू तर चाललीच आहेस, तुला काय फरक पडतो?” मी मूर्ख, गप्प राहिले. तुझी आई गेली, तरी गावात वांझ मीच.

मंगळवारी एव्हिनचा फोन आला. त्याच्या आणि ओड्नीच्या लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. “तुझं ऑपरेशन फार दुखलं होतं का गं?” तो विचारत होता. “ओड्नी घाबरलीय. पुढच्या आठवड्यात तिचं करायचंय.” मी विचारलं, तू स्वतः तपासून घेतलंस का? तो म्हणाला, “डॉक्टरांनी विचारलं होतं, भावाला असा काही त्रास होता का. मी दादाला विचारलं, तर तो म्हणाला, छे, दोष तूरिडमध्येच होता. मग मी कशाला तपासू?”

मी त्याला सगळं सांगितलं. ओड्नीचं ऑपरेशन रद्द झालंय, तपासणी आता त्याची होईल. सगळं ऐकून त्याने विचारलं, “मी विचारलं तेव्हा दादाला हे माहीत होतं?” मी म्हटलं, ते त्यालाच विचार. रविवारी तो तुझ्याकडे येतोय. काय सांगायचं ते तुझं तू बघ, पण या वेळी मध्ये माझं नाव घालू नकोस. एवढ्यासाठीच लिहिलं.

एके काळी तुझीच असलेली,
तूरिड