एक वीत, दोन बोटं

बुधवार, माघ वद्य पंचमी. मुक्काम केज.

दिवा बसला न्हाई. देशमुखांच्या जुन्या मोटारीचा डावा दिवा बैलगाडीच्या जुवावर आपटून फुटला, तवा माप मीच घेतलं. कड्यात एक वीत, दोन बोटं. मेव्हणा हैदराबादेला निघाला होता, त्याला तेवढंच सांगितलं. त्यानं जुन्या बाजारात स्वतःची वीत लावून दिवा आणला. लई इमानानं आणला. त्याची वीत माझ्याहून आखूड हाय, हे मला कावून सुचलं न्हाई? एक सुतळी गाठ मारून दिली असती तर... आता दिवा कड्यात खुळखुळतो. चिंध्या कोंबल्या, तरी वेशीपर्यंत जाईस्तोवर लोंबला.

देशमुख रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "सखाराम, एका डोळ्याची मोटार नवरदेवाला आणायला नको. परवा बैलांची धमनी जुंप. मोटारीचं लग्नानंतर बघू."

बघू म्हणजे विकू, हे त्यांच्या दारात कुणाला सांगावं लागत न्हाई. मोटार गेली की मी पुन्हा बैलांमागं.

निघताना रिकाम्या कड्यावर परत हात ठेवून पाहिला. एक वीत, दोन बोटं. माझं माप बरोबरच होतं.