बिनआकड्यांचं घड्याळ

चिंचवड, शनिवार, मार्च १९५७

माझ्या लग्नासाठी पुण्याच्या दुकानातून दोन मनगटी घड्याळं पसंतीला आणलीत. एक उद्या परत करायचं. मला आकड्यांचं आवडलंय. दुसरं स्वस्त, पांढरं, नुसत्या बारा रेघा. आकडेच नाहीत, मग ते घड्याळ कसलं?

संध्याकाळी आबांनी नेमकं रेघांचंच उचललं. शाळेचं तोंड न पाहिलेले माझे वडील, आबा, वेळ नेहमी मलाच विचारतात. आज लहान काट्यापर्यंतच्या रेघांवरून एकेक करत बोट फिरवत म्हणाले, "पाच वाजलं की रं."

बरोबर पाच! मी चाटच पडलो. "आबा, कसं कळलं?"

"पोती मोजताना भिताडावर कोळशानं काय वढतो मी? रेघाच न्हवं?"

रेघा! मला कसं सुचलं नाही?

आत्ता आई मुद्दाम त्यांना वेळ विचारतेय आणि आबा ऐटीत रेघा मोजतायत. आकड्यांचं उद्या परत. पण हे लग्नात माझ्या मनगटावर मिरवून मग आबांना देऊ, की आजच द्यावं?