एक डिस्क, दोन मशीन

मॅडम, आज सकाळपासून पुन्हा एका कॉम्प्युटरच्या कर्नलचं काम घेऊन बसले होते. पुण्याच्या या ऑफिसात आता बरीच मशीन एकाच सामाईक डिस्कवर लिहितात. नव्याने आलेल्या मशीनच्या कर्नलमध्ये त्यासाठीची सोयच कुणी चालू केली नव्हती. ती चालू केली, कर्नल परत बांधला, मशीन बंद करून उठवलं. चहा येईपर्यंत झालंसुद्धा. शेजारची सहकारी म्हणाली, "तुम्ही प्रत्येक ओळ इतक्या सावकाश का वाचता?" मी पुढची ओळ वाचायला घेतली. हल्ली बोलायचाही कंटाळा येतो.

तुम्ही परभणीच्या कॉलेजात कॉम्प्युटर विभाग सांभाळायचात आणि मी तुमच्या हाताखाली नवीनच लागले होते. दोन युनिक्स मशीन, मध्ये डिस्कची एक पेटी. एका मशीनवर परीक्षा विभाग, दुसऱ्यावर कार्यालय, आणि मुलांची माहिती दोघांनाही हवी. साध्या पद्धतीने डिस्क दोन्हीकडून जोडली तर काय होतं ते तुम्ही एका रिकाम्या डिस्कवर दाखवलंत: प्रत्येक मशीन आपल्याच आठवणीवर विसंबून लिहीत सुटतं आणि फायलींचा चेंदामेंदा होतो. म्हणून नवी फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फायली ठेवायची नवी पद्धत, आणायची, आणि लिहिण्याआधी दुसऱ्याला विचारायची सोय दोन्ही मशीनच्या कर्नलमध्ये बसवायची. कर्नल म्हणजे मशीनचा गाभा. तो चुकला तर मशीन उठतच नाही. प्राचार्यांनी बजावलं होतं की निकालाआधी जमलं नाही तर काम बाहेर देऊ आणि विभाग बंद करू.

पहिलं मशीन नव्या कर्नलवर उठलं तेव्हा मी म्हणाले, "खरी डिस्क जोडू या का? दुसऱ्याचं उद्या करू." तुम्ही चष्मा काढलात. "एकाला विचारायचं कळलं म्हणून दुसऱ्याला कळत नसतं. पोरांचे मार्क हायेत त्याच्यावर. बस खाली." आवाज चढला नव्हता, तरी मला लागलं.

त्याच आठवड्यात, संक्रांतीला, विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय झाला. दुसऱ्या दिवशी पिंगळीला, आमच्या गावी, वडील दारातच उभे. आमचं शेतकऱ्याचं घर, नावाला विरोध असलेलं. "आज परभणीला जायचं न्हाई. लोक काय बोलायलेत माहीत हाय का? आन् त्या तुझ्या मॅडमच्या हाताखाली..." पुढचं त्यांनी गिळलं. मी तरीही पॅसेंजरने आले. विभागात तुम्ही एकट्याच, दुसऱ्या मशीनचा कर्नल बांधायला लावून बसलेल्या. दुपारी तुमचे भाऊ सायकलवर आले. "ताई, चल घरी. चौकात टायर पेटवायलेत." तुम्ही पडद्यावरून नजर न हलवता म्हणता, "अर्ध्यावर सोडलं तर ह्ये उठायचं न्हाई. बस जरा." ते उंबऱ्यापाशी टेकतात. मी विचारते, मॅडम, भीती नाही वाटत?

"वाटती की. नामांतराचा ठराव झाला त्या साली गावातलं आमचं घर जाळलं. तवापासून लय वाटती." मग माझ्याकडे वळून, "तुझ्या घरी काय म्हणतात?"

"विरोध आहे."

"आणि तू?"

"माहीत नाही."

तुम्ही मान हलवलीत. "बरं, खरं बोललीस."

ऊन उतरता उतरता दुसरं मशीन उठलं. तुम्ही इकडे एक ओळ लिहिलीत, मी तिकडे वाचली. मी तिच्याखाली दुसरी लिहिली, ती तुमच्याकडे दिसली. "जमलं," एवढंच म्हणालात आणि खुर्चीला डोकं टेकून डोळे मिटलेत. तुम्ही किती दमला होतात ते मला तेव्हा दिसलं.

पिंगळीला परतायची सोय उरली नव्हती, म्हणून तुम्ही मला घरी नेलंत. तुमच्या आईने चुलीपुढे बसवून भाकरी वाढली, पिठलं वाढलं, पोटभर जेव म्हणाल्या. त्या घरात मला रात्री शांत झोप लागली. सकाळी वडील न्यायला आले ते अंगणाबाहेरच थांबले. तुम्ही स्वतः चहा घेऊन गेलात. "उशीर व्हायलाय," ते म्हणाले, कपाकडे न बघता. तुम्ही वळलात, कप माझ्या हातात दिलात. "तू घे. गरम हाय तवर." वडिलांच्या देखत मी तो चहा प्याले. स्टेशनपर्यंत ते माझ्या पुढे चालत राहिले. नोकरी सोड असं मात्र ते पुढे कधी म्हणाले नाहीत.

विभाग राहिला. पण विभागप्रमुख म्हणून तुम्हाला सोडून दुसऱ्याच गृहस्थांना आणलं, आणि तुम्ही त्यांनाही दोन्ही मशीन शांतपणे समजावून सांगितलीत. दोन वर्षांनी तुमच्या किडन्या गेल्या. दवाखान्यात भेटायला आले तेव्हा तुम्ही विचारलंत, "डिस्क बरी चालायलीय ना?" मी हो म्हणाले. ती आपली शेवटची भेट.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. इतकी वर्षं झाली, लोक मला या कामातली जाणकार म्हणतात. मला हे काम कधीच फारसं आवडलं नाही, मॅडम. आवडायचं ते तुमच्या शेजारी बसणं.